सावकाश आवळा!

गेल्या महिन्यात हुबळीहून लेकीचा फोन आला. नवा फ्लॅट घेतलाय, चौथ्या मजल्यावर. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्यावर हळूच म्हणाली, "आई, आजीचं टेबल मला देशील का गं?" मी लगेच हो म्हटलं. मग तिने खरी अडचण सांगितली. "पण ते लिफ्टमध्ये मावायचं नाही आणि जिन्यातही वळायचं नाही. एवढं मोठं धूड वर चढवायचं कसं?"

मला हसू आलं. म्हटलं, "अगं, ते टेबल उघडायलाच केलंय. सहा बोल्ट काढले की फळी वेगळी, पाय वेगळे. तुझ्या आजोबांनी त्याला आयुष्यात चार जिने चढवलेत."

फोन ठेवला आणि देवघराच्या खणातून एक छोटी पिशवी काढली. सासूबाईंनी जुन्या चंदेरी साडीच्या काठातून शिवलेली. आत मेणबत्तीचा एक तुकडा आणि एक जादा वायसर, एवढंच होतं. पण पिशवी हातात घेतली आणि ते अख्खं वर्ष डोळ्यांपुढे उभं राहिलं. सहा बोल्टनी मला जे शिकवलं, ते माझ्या बी.एड.च्या कॉलेजातही कुणी शिकवलं नव्हतं.

माझं माहेर बेळगावचंच. आई धारवाडकडची, त्यामुळे घरात अर्धी मराठी, अर्धी कन्नड. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी असतं तसंच. भांडण मराठीत आणि लाड कन्नडमध्ये! आमचे 'हे' मात्र ग्वाल्हेरचे. दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास तिथे छावणी टाकली, तिचंच पुढे 'लश्कर' नावाचं शहर झालं. त्या लश्करात पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांपैकी एक आमचं. नोकरीच्या निमित्ताने हे बेळगावला आले, इथेच रमले, इथलीच बायको केली. सासू-सासरे तिकडेच राहिले.

सासरे शाळामास्तर. भाड्याच्या घरांत जन्म गेला. १९६१ साली त्यांनी ओळखीच्या मिस्त्रीकडून सागवानी टेबल करून घेतलं. साडेपाच फूट लांब, तीन फूट रुंद. वरची फळी सव्वा इंच जाडीची, तीन फळ्या जोडून केलेली. त्या वेळी ते राहत होते तो वाडा दौलतगंजात, खोली दुसऱ्या मजल्यावर आणि जिना असा की पाहुण्याने छत्रीसुद्धा मिटूनच चढावं! म्हणून मिस्त्रीने टेबल दोन भागांत केलं. खाली चार पाय आणि त्यांची चौकट, चौकटीत दोन आडव्या पट्ट्या. वर सुटी फळी. फळीच्या पोटात लोखंडी नट पुरलेले, आणि खालून पट्टीतून बोल्ट घालून फळी पक्की करायची. वरून बघणाऱ्याला एक खिळाही दिसू नये, असं काम.

आमच्या आधीची पिढी जेवायला पाटावरच बसे. त्यामुळे या टेबलावर जेवण सोडून बाकी सगळं झालं. मुलांचे अभ्यास, सासऱ्यांच्या उत्तरपत्रिका, कपड्यांना इस्त्री, सासूबाईंची बेतणी आणि भाद्रपदात दहा दिवस गणपती. लश्करातल्या मराठी घरांचा गणपती म्हणजे काय थाट असतो, ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही.

सासऱ्यांनी चार घरं बदलली. दर वेळी ते स्वतः टेबलाखाली उताणे पडून बोल्ट काढायचे, फडक्याने पुसायचे आणि बायकोच्या हातात द्यायचे. "टेबल हमाल नेतील, बोल्ट तू ने," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सासूबाईंनी त्यासाठीच ही पिशवी शिवली. १९६४ मध्ये जयविलास राजवाड्यातलं संग्रहालय लोकांना खुलं झालं, तेव्हा दोघं ते पाहायला गेली होती. तिथल्या भोजनाच्या टेबलावर रुळांवरून धावणारी चांदीची छोटी आगगाडी आहे. पाहुण्यांपुढे पेयांच्या सुरया घेऊन ती फिरायची. सगळे लोक गाडी बघत होते आणि सासरे वाकून टेबलाच्या खाली बघत होते! बाहेर आल्यावर म्हणाले, "याला कधी जिना चढावा लागला नसणार." ही गोष्ट सासूबाई दर दिवाळीत सांगायच्या आणि दर वेळी तेवढ्याच हसायच्या.

सासरे गेले आणि सासूबाई एकट्या पडल्या. नणंद तिथेच, पण तिचं घर लहान. शेवटी २००९ च्या जूनमध्ये ठरलं की घर रिकामं करायचं आणि आईंनी आमच्याकडे यायचं. त्या वेळी त्या पंचाहत्तर वर्षांच्या. काय काय न्यायचं, असं ह्यांनी विचारलं तेव्हा त्यांनी तीनच वस्तू सांगितल्या. देव, शिवणयंत्र आणि टेबल.

ह्यांनी आठ दिवस रजा काढून सगळं आवरलं. टेबल उघडून ट्रान्सपोर्टच्या लॉरीत घातलं आणि परत आले. आई महिनाभर लेकीकडे राहून नंतर येणार होत्या. लॉरी पोचली ती आषाढात. आपल्याकडचा आषाढ तुम्हाला सांगायला नको. बेळगाव समुद्रसपाटीपासून अडीच हजार फुटांवर, त्यात घाटाचा शेजार. मिठाच्या बरणीत पाणी आणि चपलांवर बुरशी!

आई यायच्या आत टेबल उभं करून त्यांना आश्चर्याचा धक्का द्यायचा, असा आमचा बेत. सामान सोडलं, तर बोल्टच नाहीत. गाद्या झटकल्या, डबे उपसले. "हमालांनी हरवले असणार," हे म्हणाले. हार्डवेअरच्या दुकानातून तेवढ्याच जाडीचे नवे बोल्ट आणले. ते नटात दोन आटे गेले आणि अडकले. पुढे जाईनात. घरी एक हरकाम्या माणूस यायचा, त्याने खालच्या पट्ट्यांतली भोकं पाहिली आणि म्हणाला, "साहेब, भोकंसुद्धा झिजून लांबट झालीत. जुना माल. सोडा ते बोल्ट. सरळ स्क्रू मारतो, हलायचं नाव घेणार नाही." त्याने शेजारी नवी भोकं पाडून आठ लांब स्क्रू फळीत पिळले. चांगले दात-ओठ खाऊन. टेबल खडकासारखं पक्कं झालं. आम्ही त्यावर नवा टेबलक्लॉथ घातला.

ग्वाल्हेरला एक फोन करून "आई, बोल्ट कुठे आहेत?" असं विचारावं, हे आम्हां दोघा शिकलेल्या माणसांपैकी एकालाही सुचलं नाही.

श्रावणात आई गोवा एक्सप्रेसने आल्या. दिल्लीहून वास्कोला जाणारी ही गाडी ग्वाल्हेर आणि बेळगाव दोन्हीकडे थांबते, म्हणून आमच्या घरात तिला 'आपली गाडी' म्हणतात. घरात शिरताच त्यांची नजर टेबलावर गेली. त्यांनी जवळ जाऊन कापड उचललं, फळीवरून हात फिरवला. "लागलं वाटतं," एवढंच म्हणाल्या. आम्हाला वाटलं, प्रवासाचा शीण आहे.

आणि मग आम्ही आईंना रुळवायच्या मागे लागलो. मनापासून लागलो, हे आधी सांगते. सकाळी सहाला चहा, आठला औषध, साडेबाराला जेवण. पावसात बाहेर पडायचं नाही, पाय घसरेल. स्वयंपाकघरात यायचं नाही, आता आराम करा. आमच्याकडे आमटीत गूळ पडतो, सवय करून घ्या. त्यांच्या मराठीत 'अलमारी', 'बरामदा', 'चाभी' असे शब्द असत. आम्ही हसून त्यांना 'कपाट', 'पडवी', 'किल्ली' असं दुरुस्त करायचो. येणारा-जाणारा म्हणायचा, "आता हेच तुमचं घर!" आई मान हलवायच्या. दारावरची भाजीवाली "एष्टु बेकु री?" म्हणाली की त्या माझ्याकडे बघायच्या.

शेजारच्या कन्नड मावशींनी एकदा विचारलं, "ग्वाल्हेर म्हणजे कुठे आलं हो?" मी म्हटलं, "आपल्या गदगचे भीमसेन जोशी १९३३ साली, अकराव्या वर्षी, गाण्यासाठी घर सोडून निघाले ना, ते हिंडत हिंडत जिथे पोचले ते ग्वाल्हेर. तिथल्या माधव संगीत विद्यालयात ते शिकले." मावशींना एकदम ओळख पटली. पण आई हळूच म्हणाल्या, "तो मुलगा होता, शिकायला गेला होता. मी या वयात काय शिकायला आले?" मी ते हसण्यावारी नेलं. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

हळूहळू आई बोलायच्या कमी झाल्या. जेवणही कमी झालं. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही.

२०१० च्या मार्चमधली गोष्ट. थंडी संपून कोरडं ऊन पडायला लागलं होतं. एका रात्री स्वयंपाकघरात 'ताड' असा आवाज झाला. भांडं पडलं असेल म्हणून मी उठले, तर भांडी जागच्या जागी. सकाळी टेबलक्लॉथ काढला आणि पोटात धस्स झालं. टेबलाच्या एका टोकापासून चांगली हातभर लांब भेग. बोटाचं नख आत जाईल एवढी. ४८ वर्षं चार घरं फिरून ज्या टेबलाला ओरखडा आला नव्हता, ते आमच्याकडे आठ-नऊ महिन्यांत फुटलं.

आईंना कसं सांगावं, हा प्रश्न. पण त्या माझ्या मागेच उभ्या होत्या. त्यांनी भेगेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "बोल्ट कुठले लावलेत?"

मी खरं ते सांगितलं. बोल्ट हरवले म्हणून स्क्रू मारले.

आई काही न बोलता आत गेल्या आणि चंदेरीची ती पिशवी घेऊन आल्या. टेबलावर उपडी केली. पाच बोल्ट, सहा जाड वायसर. "एक बोल्ट तिकडे काढतानाच कुठे पडला, तो सापडला नाही. बाकी मी पर्समध्ये आणले. नेहमीसारखे."

"आई! मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"टेबल लागलेलं दिसलं. मला वाटलं, तुमच्या गावात नवे मिळाले असतील. जुन्यांचं काय काम? आणि तुम्ही विचारलं नाहीत, बेटा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी ओळखीच्या सुतारकाकांना बोलावलं. ते कन्नड घरातले, पण गिऱ्हाईक बघून भाषा बदलणारे. वाकून टेबलाखाली शिरले, बॅटरी मारली आणि आतूनच ओरडले, "अय्यय्यो! अक्कावरे, हे कुणी केलं?" मग बाहेर येऊन त्यांनी मला जे समजावलं ते मी इथे नीट लिहिते. कारण जुन्या सागवानी टेबलांचे धनी वाचकांतही असतील आणि त्यांची टेबलं तरी वाचावीत.

लाकूड कापून, रंधून, पॉलिश करूनही हवेतलं पाणी पीत-सोडत राहतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पण गंमत अशी की लांबीत, म्हणजे रेष्यांच्या दिशेने, ते जवळजवळ हलतच नाही. हलतं ते रुंदीत. तीन फूट रुंदीच्या फळीत पावसाळा आणि उन्हाळा यांत चार-पाच मिलिमीटरचा फरक सहज पडू शकतो. सागवान त्यातल्या त्यात शहाणं, कमी हलणारं. तरीही हलतंच. "हलगी उसिराडतैत्री," काका म्हणाले. फळी श्वास घेते हो! तुम्ही कितीही पक्कं बांधा, ती आकसायची थांबत नाही. बांधलेली असली तर फाटते, एवढंच.

आम्ही ती आषाढात, पुरती फुगलेली असताना, दोन्ही कडांना स्क्रूने जखडली. उन्हाळ्यात तिला आकसायचं होतं. कडा सुटेनात, म्हणून ती मध्येच उकलली.

"आणि ही भोकं बघा," काकांनी मलाही टेबलाखाली वाकायला लावलं. प्रत्येक आडव्या पट्टीत तीन भोकं होती. मधलं गोल, बोल्टच्या मापाचं. कडेची दोन लांबट, पट्टीच्या लांबीत अर्धा इंच कोरलेली. "झिजलेली नाहीत ही. पटाशीने मुद्दाम केलीत. मधला बोल्ट फळीला जागेवर धरतो, कडेचे तिला सरकू देतात. त्यावर हे जाड वायसर, म्हणजे बोल्टचं डोकं भोकात रुतत नाही. ग्वाल्हेरचा तो मिस्त्री मोठा माणूस होता."

ग्वाल्हेरला मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, लू वाहते आणि लगेच पुढे पाऊस येतो. तिथे टेबल करणाऱ्याला हे कळणारच. आम्ही त्याच्या शहाणपणाला झीज समजलो!

काकांनी आठही स्क्रू काढले. शेवटचा निघाला तेव्हा भेग आपोआप थोडी मिटली. मी डोळ्यांनी पाहिलं. चार दिवस फळी तशीच मोकळी ठेवली. मग भेगेत फेव्हिकॉल भरून दोन्ही बाजूंनी शिकंजे लावले. स्क्रूच्या भोकांत लाकडाच्या खुंट्या ठोकल्या. फळी जुळली. बारीक रेघ राहिली ती आजही आहे. पोळ्या लाटताना पीठ तिच्यात अडकतं.

आता सहावा बोल्ट. दुकानातला नवा बोल्ट जुन्या नटात दोन आटे जाऊन का अडकतो, तेही काकांनी सांगितलं. जुना बोल्ट इंचातला, अडीच सुती, म्हणजे पाच-सोळांश इंचाचा. एका इंचात अठरा आटे. नवा बोल्ट आठ मिलिमीटरचा, त्याच्या एका इंचात सुमारे वीस आटे. जाडी बघितली तर जुळे भाऊ, पण आट्यांची चाल वेगळी. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६ मध्ये झाला, तरी कारागिरांच्या हातात सूत आणि इंच पुढे कितीतरी वर्षं राहिले. अडकलेला बोल्ट जोर लावून पिळला असता तर नटाचे आटे मेले असते, आणि नट तर फळीच्या पोटात पुरलेला. नशीब, तेव्हा आमच्या हरकाम्याने तेवढा जोर लावला नाही.

बेळगावला लोखंडाचं काम अडत नाही. उद्यमबागेतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये हे जुना बोल्ट नमुन्याला घेऊन गेले. टर्नरने तो बोटांत फिरवला, "व्हिटवर्थ आहे," म्हणाला आणि तासाभरात तस्साच बोल्ट पाडून दिला.

टेबल परत जोडायचं त्या दिवशी आई खुर्ची ओढून समोर बसल्या. काका पाना घेऊन खाली, हे वरून फळी धरून. आईंनी सूचना सुरू केल्या. "पहले बीचवाला! आधी मधले दोन." काकांनी मधले बोल्ट लावले, मग कडेचे, लांबट भोकाच्या बरोब्बर मध्ये. वायसरखाली मेणबत्ती घासली, म्हणजे सरकायला सोपं. ह्यांना उत्साह आला, त्यांनी पाना हातात घेऊन जोर लावला. तसे काका म्हणाले, "सावकाश री, साहेब, सावकाश! वायसर बोटाने फिरेनासा झाला की अजून पाव फेरा. बस्स."

आई एकदम म्हणाल्या, "अरे, हे तर मराठी बोलतात!"

"नाही हो अज्जी, हे आमचं कन्नडच," काका टेबलाखालून म्हणाले.

"सावकाश मराठीच आहे!"

"कन्नड री!"

मग त्यावर अर्धा तास वाद झाला, चहा झाला, आणि आई महिन्यांनी खळखळून हसल्या. शेवटी त्याच म्हणाल्या, "आमच्याकडे हिंदीत अवकाश म्हणजे सुट्टी. हे निवृत्त झाले तेव्हा दाराच्या पाटीवर लिहून घेतलं होतं, अवकाशप्राप्त शिक्षक." मी विचार करत राहिले. स-अवकाश, म्हणजे अवकाशासह, जागा ठेवून. रोज दहा वेळा तोंडात येणारा शब्द, पण तो असा उघडून कधी पाहिलाच नव्हता.

त्या रात्री आम्ही दोघं उशिरापर्यंत बोलत बसलो. टेबलाबद्दल नव्हे. आईंना आम्ही आठ स्क्रूंनी जखडलं होतं. प्रेमाने, काळजीने, पण जखडलंच होतं. त्यांच्याजवळ स्वतःचे बोल्ट होते, ते आम्ही विचारलेच नाहीत. त्यांच्या सवयींना आम्ही झीज समजलो.

मग आम्ही काही मोठं केलं नाही. सकाळचा पहिला एक तास स्वयंपाकघर आईंचं, हे ठरलं. आमटीचं पातेलं एक, पण गूळ पडायच्या आधी त्यांची वाटी वेगळी. 'अलमारी' अलमारीच राहिली, उलट माझी मुलगीच तो शब्द वापरायला लागली. दर हिवाळ्यात आपल्या गाडीने दीड महिना ग्वाल्हेर, लेकीकडे. येताना गजकचे डबे. दोन-तीन गोष्टी मात्र पक्क्या ठेवल्या. औषध वेळेवर आणि रात्रीचं जेवण सगळ्यांनी त्याच टेबलावर एकत्र. मधला बोल्ट हवाच. तोही सैल सोडला तर फळी भलतीकडे सरकते आणि घरही सरकतं.

आणि आई शिकल्या! आधी भाजीवालीकडून 'साक' शिकल्या. पुरे म्हणायचा तो शब्द त्यांना फार आवडला. मी वाढायला लागले की मलाच "साक, साक" म्हणायच्या. मग शेजारच्या मावशींना "बर्री, कूडरी" म्हणून बसवून घ्यायला लागल्या. एकदा कौतुकाने म्हणाल्या, "हिंदीत मेज, मराठीतही मेज, कन्नडमध्ये मेजु. हे एकच सामान आहे बघ, सगळीकडे न हरवता पोचलेलं."

आई २०१९ मध्ये गेल्या. दहा वर्षं त्या आमच्याकडे राहिल्या आणि शेवटची पाच-सहा वर्षं तर गल्लीतल्या लोकांना वाटायचं की त्या कायमच्या इथल्याच.

तर परवा रविवारी जावई टेम्पो घेऊन आले. आमचे जावई कन्नड, हुबळीचे. हे आता टेबलाखाली शिरू शकत नाहीत, म्हणून मीच सतरंजी घालून उताणी पडले. बोल्ट एकेक करून काढले, फडक्याने पुसले, पिशवीत घातले आणि लेकीच्या हातात दिले. वेगळं सांगावं लागलं नाही, तिने ती पिशवी सरळ पर्समध्ये टाकली.

जाताना मी जावयांना सगळं परत एकदा सांगितलं, तुम्हालाही सांगते. हल्लीच्या प्लायवुडच्या टेबलाला ही काळजी नको, ते फारसं हलत नाही, स्क्रू चालतात. पण फळी अखंड लाकडाची असेल तर मधलं भोक गोल, कडेची लांबट, रेष्यांना आडवी. वायसर जाड. बोल्टची लांबी पट्टी आणि फळीची जाडी मोजून, नाहीतर टोक वर निघतं. नवा बोल्ट अडला तर जोर करायचा नाही, आटे बघायचे. बोल्ट सापडले नाहीत तर घरातल्या वडीलधाऱ्यांना आधी विचारायचं.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. टेबल चौथ्या मजल्यावर पोचून उभं राहिलं होतं. "अत्ती, एक विचारू? पाच बोल्ट काळपट आहेत, एकच चकचकीत. हा वेगळा का?"

"पाच ग्वाल्हेरचे आहेत, एक बेळगावचा," मी म्हटलं. "पण आटे एकच आहेत. फार आवळला नाहीत ना?"

"इल्ल अत्ती," ते म्हणाले, "सावकाश हाकीनी." सावकाशच घातलाय म्हणे.